मनू, बेडरूम सेट हप्त्यावर घेऊ नकोस

चि. मनू,

अनेक आशीर्वाद. खोलीचे फोटो मिळाले, आईने तर चार-चार वेळा बघितले. जागा चांगली आहे, खिडकी मोठी आहे, हवा येईल. पण तो बेडरूम सेट हप्त्यावर घ्यायचं म्हणत्येस ते मला अजिबात पटलेलं नाही गं, आणि फोनवर बोलता बोलता राहून जातं म्हणून लिहूनच पाठवतो.

तुझं अ‍ॅग्रीमेंट ११ महिन्यांचं, मालकाने वाढवलं नाही तर पुढच्या वर्षी सगळं उचलून दुसरीकडे जायचं, आणि ते पार्टिकल बोर्डचं, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचं, सामान एकदा उघडून परत जोडलं की स्क्रू पकड धरत नाहीत, फरशी पुसताना पाणी लागलं की खालून फुगतं ते वेगळंच. असे फुगलेले बेड माझ्याकडे दुरुस्तीला येतात, मी हात लावून सांगतो की याचं आता काही होणार नाही, आणि त्या माणसाचे हप्ते अजून चालू असतात. मला वाईट वाटतं. तुझ्या पहिल्या नोकरीच्या पगाराचं असं व्हायला नको.

बेड मी करतो. १८ एमएमचं प्लाय ८ बाय ४ च्या शीटमध्ये येतं. त्यातून ६ बाय ३ चा तुझ्या सिंगल बेडचा तक्ता निघतो, ६ फुटाची एक फूट रुंद पट्टी उरते ती फळीला होईल, आणि ४ बाय २ चा जो तुकडा उरतो ना तो म्हणजे तुझं टेबल, लॅपटॉप, डबा, पुस्तकं सगळं मावेल. एक शीट, तीन वस्तू. बेडरूम कोरडी आहे त्यामुळे ३०३ नंबरचं प्लाय पुरे, ७१० पाण्याच्या जागेला लागतं, दुकानदार देतो म्हणाला तरी त्याचे जास्तीचे पैसे द्यायचे नाहीत. तक्त्याला मी भोकं पाडून देईन म्हणजे गादीला खालून हवा लागेल, नाहीतर पावसाळ्यात कुबट वास धरते. पाय आणि चौकट नट-बोल्टवर, पान्याने दहा मिनिटात सुटेल आणि कितीही वेळा जोडलं तरी ढिलं होणार नाही. शेजारच्यांचा टेम्पो पुण्याला येतो त्यात टाकतो.

तू पॅलेटचा, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटींचा, बेड दाखवलास तोही वाईट नाही, फक्त लाकडावरचा शिक्का बघायचा. एचटी असेल तर लाकूड उष्णता देऊन किडीपासून साफ केलेलं असतं, एमबी असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते झोपायच्या खोलीत आणायचं नाही. शिक्काच नसेल तरी नको.

गादी विकत घ्यायची नाही. माळ्यावरच्या दोन जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून घेतला की तुझ्यापुरती एक झकास गादी होते, पिंजाई, शिलाई आणि नवी खोळ एवढाच खर्च. महिन्यातून एकदा गच्चीवर कडक ऊन दाखव. पडद्यांसाठी आईने दोन कॉटनच्या साड्या काढल्यात, एका साडीतून सात फुटाचे दोन पडदे आरामात निघतात. निळी पाठवू का हिरवी ते तिलाच सांग, ती वाट बघत्ये.

कपाट मात्र तिकडेच घे, जुनं स्टीलचं. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मैत्रिणीला घेऊन जा आणि खिशात एक लोहचुंबक ठेव. रंग नवा कोरा दिसला की खालच्या बाजूला आणि कोपऱ्यात चुंबक लावून बघ, जिथे चिकटत नाही तिथे गंजलेल्या भोकात लांबी (पुट्टी) भरलेली आहे असं समज आणि पुढे जा. लाकडाचं जुनं काही घेऊ नकोस, सांध्यात ढेकूण असले तर सगळी खोली भरते.

आणि हो, फोटोत ऊन ज्या भिंतीवर येतंय ती पश्चिमेची दिसत्ये, बेड तिला लावू नकोस, एप्रिल-मे मध्ये रात्रीपर्यंत तापलेली राहते. समोरच्या भिंतीला लाव पण तीन-चार इंच सोडून, ओल आली तर गादीला लागायला नको. ट्यूब आहेच, फक्त टेबलापाशी ९ वॅटचा पिवळसर एलईडी घे, रात्री वाचताना डोळ्याला बरा पडतो.

एवढं करून तू सामानासाठी धरलेल्या १५ हजारातले बरेच उरतील ते बँकेतच राहू देत, भाड्याचं एक महिन्याचं तरी बाजूला असावं.

आता माप पाठव. खिडकीची रुंदी-उंची, दार उघडल्यावर आतून किती मोकळं राहतं ते, आणि जिन्याच्या वळणाची रुंदी, सगळं इंचात. जिना अरुंद असेल तर तक्ता दोन तुकड्यात करावा लागेल, त्यामुळे ते कळल्याशिवाय मी प्लाय कापत नाही.

तुझा
बाबा