नव्या यरुशलेमेचे माप

चि. रूथ हिस,
प्रभूच्या नावात अनेक आशीर्वाद.

पवित्र शास्त्रातले शेवटचे पुस्तक प्रकटीकरण, त्याच्या शेवटच्या दोन अध्यायांवर तरुण संघात तीन संध्याकाळी बोलायचे तू कबूल केलेस, याचा फार आनंद झाला. या भागावर बोलणारे बहुतेक जण सोन्याच्या रस्त्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच रेंगाळतात. तू मापांपासून सुरुवात कर. देवदूताच्या हातात मोजायला सोन्याचा बोरू दिला आहे तो उगाच नाही. नवे यरुशलेम या नगराचे सौंदर्य काय आणि त्याचा अर्थ काय, दोन्ही त्या मापातच आहे.

पहिल्या संध्याकाळी आधी 21:9 ते 22:5 मोठ्याने वाच. चोवीसच वचने आहेत. एकाच आवाजात, मध्ये कुठेही न थांबता वाच. पाळीपाळीने एकेक वचन वाचायला दिलेस तर नगर डोळ्यांसमोर उभे राहणार नाही, जो तो आपल्या वचनाची वाट बघत बसेल.

मग फळ्यावर दोनच आकडे लिही: 12,000 स्टेडिया (लांबीचे जुने माप) आणि 144 हात. नगराची लांबी, रुंदी आणि उंची सारखी, प्रत्येकी बारा हजार स्टेडिया. एक स्टेडिया साधारण 185 मीटरचा धरला तर बाजू सुमारे 2,200 किलोमीटर भरते. आपल्या देशाची दक्षिणोत्तर लांबी 3,214 किलोमीटर, म्हणजे तिच्या दोन तृतीयांशाहून थोडी जास्त, आणि तेवढीच उंच! हे एकदा सांग आणि पुढे जा. किलोमीटर हाती आले की बारा हातचे जातात. जुन्या हिंदी पवित्र शास्त्रात याच मापाचे साडेसातशे कोस केलेत, इंग्रजीत कुठे मैल केलेत. आकडा बरोबर असला तरी खूण पुसली जाते. बारा हजारांत बारा आहेत, आणि तटाचे 144 म्हणजे बारा गुणिले बारा. वेशींवर इस्राएलाच्या बारा वंशांची नावे, तटाच्या पायांवर कोकऱ्याच्या, म्हणजे येशूच्या, बारा प्रेषितांची. जुन्या आणि नव्या करारातले देवाचे सगळे लोक या बांधकामात मोजून घातलेले आहेत.

कोणीतरी नक्की विचारेल की इतक्या उंच नगराला 144 हात, म्हणजे जेमतेम 65 मीटरचा तट कसा पुरेल? ती तटाची उंची की जाडी, हे वचनात सांगितलेले नाही. पण विचारणाऱ्याला गप्प करू नकोस. हा तट शत्रूला अडवण्यासाठी नाहीच, हे त्याच प्रश्नातून बाहेर येते. दुसरा कोणी नगराचे घनफळ काढून त्यात किती माणसे मावतील याचा हिशेब मांडू लागेल. त्याला प्रेमाने थांबव आणि दोरी हातात दे.

दोरी घरूनच ने, छत्तीस मीटर. चर्चच्या आवारात तिचा चौकोन करा, प्रत्येक बाजू नऊ मीटर. हात साधारण 45 सेंटिमीटरचा, त्यामुळे ही बाजू वीस हात झाली. आता 1 राजे 6:20 वाच. शलमोन राजाच्या मंदिरातली सर्वांत आतली खोली, परमपवित्रस्थान, वीस हात लांब, वीस हात रुंद, वीस हात उंच, आणि आतून शुद्ध सोन्याने मढवलेले. मंदिराच्या इमारतीत लांबी, रुंदी, उंची सारखी असलेली जागा हीच. सगळ्यांना दोरीबाहेर उभे कर. लेवीय 16 प्रमाणे आत एकच माणूस जाई, मुख्य याजक, आणि तोही वर्षातून एकाच दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, रक्त घेऊन. मग दोरी उचलून घे आणि 21:16 पुन्हा वाच. तोच आकार, तेच सोने, पण आता राष्ट्रेच्या राष्ट्रे आत आहेत. सगळे नगरच परमपवित्रस्थान झाले आहे. म्हणूनच सहा वचनांनंतर, 21:22 मध्ये, हे पुस्तक लिहिणारा योहान सांगतो की तिथे मंदिर दिसले नाही. मंदिर राहून गेलेले नाही. प्रभू देव आणि कोकरा हेच तिथले मंदिर आहेत.

मला या दोन अध्यायांतले सर्वांत मोठे वचन हेच वाटते. हे पुस्तक लिहिले गेले तो काळ बहुतेक अभ्यासक इ.स. 95 च्या आसपासचा मानतात. यरुशलेमेतले मंदिर रोमी सैन्याने इ.स. 70 मध्ये जाळले होते. इफिस, स्मुर्णा, पर्गमच्या मंडळ्यांत हे वाचले जात होते तेव्हा तिथल्या यहूदी विश्वासणाऱ्यांच्या मनात ती राख असणारच. त्यांना नव्या मंदिराचा नकाशा मिळाला नाही, याहून मोठे काही मिळाले.

रत्नांचे याच धाग्यात बसव. यास्फे, नीळ, पाचू अशी बारा रत्ने तटाच्या पायांना आहेत. निर्गम 28:17-21 काढ: मुख्य याजक अहरोनाच्या ऊरपटावर चार रांगांत तीन-तीन रत्ने, प्रत्येकावर एका वंशाचे नाव. याजक लोकांची नावे छातीवर घेऊन आत जाई. आता ती रत्ने नगराच्या पायात आहेत. एकेका रत्नाचा वेगळा अर्थ सांगणारी पुस्तके मिळतील, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. प्राचीन रत्ननामे आजच्या कोणत्या खड्याला लावायची यावर जाणकारांचेही एकमत नाही, आणि म्हणून भाषांतरांत नावे बदलतात. यादीतला क्रम महत्त्वाचा नाही, ऊरपट महत्त्वाचा. मग 22:4 वाच. ते त्याचे मुख पाहतील आणि त्याचे नाव त्यांच्या कपाळांवर असेल. निर्गम 28:36-38 मध्ये कपाळावर सोन्याची पट्टी एकट्या मुख्य याजकाच्या असते. इथे ती खूण प्रत्येकाला आहे, धुणीभांडी करणाऱ्या बाईला आणि बिशपसाहेबांना सारखीच. एवढ्यावर पहिली संध्याकाळ संपव.

दुसऱ्या संध्याकाळी पाणी घे. पृथ्वीवरच्या यरुशलेमेला नदी नव्हती. नगराचे पाणी गीहोनच्या झऱ्याचे, आणि वेढा पडला की पाण्याचीच भीती. म्हणून हिज्कीया राजाने खडकातून सुमारे 533 मीटरचा बोगदा खोदून ते आत शिलोहाच्या तळ्यात आणले. तो बोगदा आजही आहे. अशा नगरात स्तोत्र 46:4 देवाच्या नगराला आनंद देणाऱ्या नदीचे गाणे गाते! यहेज्केल 47 मध्ये ती नदी मंदिराच्या उंबऱ्याखालून निघते. हजार हातांवर घोट्याइतकी, आणखी हजारांवर गुडघ्याइतकी, मग कमरेइतकी, मग उतरून जाता येणार नाही इतकी. प्रकटीकरणातल्या या नगरात मंदिर नाही, म्हणून ती राजासनातूनच निघते. काठावर जीवनाचे झाड, दर महिन्याला फळ, आणि पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी. उत्पत्ती 3:24 सोबत वाचायला विसरू नकोस. त्या झाडाची वाट करूबांनी, म्हणजे पहारा देणाऱ्या स्वर्गीय प्राण्यांनी, अडवली होती.

समुद्राबद्दलही विचारतील, वसईकडची मुले असली तर नक्कीच. 21:1 मध्ये समुद्र नाही याचा अर्थ देवाला समुद्र आवडत नाही असा नव्हे. या पुस्तकात 13:1 चे श्वापद समुद्रातून वर येते, आणि बाबेलीचा, म्हणजे देवाविरुद्ध उभ्या राहिलेल्या नगराचा, माल समुद्रावरून जातो. शिवाय लिहिणारा पात्म बेटावर, चहूकडे समुद्र असलेल्या जागी होता. एवढे पुरे.

तिसरी संध्याकाळ वेशींची. प्रत्येक वेस एकाच मोत्याची, आणि कधीच बंद होत नाही. त्या काळी वेशी रात्री बंद होत, इथे रात्रच नाही. 21:25 आणि 21:27 एकत्रच वाच. पहिले सोडलेस तर नगर मूठभरांचे होते, दुसरे सोडलेस तर पापाची किंमत कोकऱ्याने दिली याला अर्थ उरत नाही. मग अध्याय 17 काढ. देवाच्या क्रोधाच्या सात वाट्यांपैकी एक वाटी घेतलेला देवदूत तिथेही योहानाला, ये, तुला दाखवतो, असे म्हणतो, आणि 21:9 मध्येही. तिथे बाबेल, इथे वधू, म्हणजे हे नवे नगर. सोने, रत्ने, मोती दोघींकडे आहेत. बाबेल ती अंगावर मिरवते आणि तिच्या मालाच्या यादीत, 18:13 मध्ये, शेवटी माणसांचे जीव येतात. वधूच्या नगरात सोने पायाखाली आहे. सोन्याचा रस्ता बक्षीस म्हणून सांगणाऱ्यांना ही यादी दाखव.

एक शेवटचे, आणि ते ठासून सांग. आपण वर जातो असे या दोन अध्यायांत कुठेही नाही. नगर खाली येते, 21:2 आणि 21:10, दोनदा. देवाचा मंडप माणसांजवळ येतो. पुरवणी वाचनाला यशया 60, स्तोत्र 48 आणि 87, इब्री 12:22-24 आणि फिलदेल्फियाच्या मंडळीला लिहिलेले 3:7-13 दे. हे शेवटचे 12 वे वचन आवर्जून. इ.स. 17 च्या भूकंपानंतर त्या गावची पुष्कळ माणसे पडझडीच्या भीतीने गावाबाहेर राहत, आणि त्यांना वचन मिळते ते कधीही बाहेर जावे न लागणारा स्तंभ होण्याचे.

टिपणे झाली की मला पाठव. वचनांचे आकडे एकदा ताडून पाहीन.

तुझी,
आई