रात्रीच्या गाडीत सीपॅप कसे चालवायचे?

महोदय,
मला स्लीप अ‍ॅप्निया आहे, झोपेत श्वास अडकतो. त्यामुळे रोज सीपॅप यंत्र, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग मोकळा ठेवणारे विजेवरचे यंत्र, लावूनच झोपते. घरी काही त्रास नाही. अडचण येते ती लेकीकडे नागपूरला जाताना. रात्री 11 ते पहाटे 5 डब्यातले चार्जिंग पॉइंट बंद ठेवण्याची पद्धत 2021 मध्ये पुन्हा कडक झाली. आगीची भीती खरी आहे, मान्य. पण मोबाइलला आणि श्वासाच्या यंत्राला एकच नियम? मी बॅटरी नेते. यंत्रातला हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर बंद ठेवला की ती बरीच जास्त टिकते, पण पहाटे घशाला कोरड पडते. मास्क लावला की समोरच्या बर्थवरची मुले टकामका बघतात; बघोत बापडी! विमानात लिथियमची सुटी बॅटरी हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, तिची क्षमता 100 ते 160 वॅट-अवर असेल तर आधी परवानगी. निदान नियम स्पष्ट तरी आहे. रेल्वेतही डॉक्टरांची चिठ्ठी दाखवणाऱ्याला रात्रभर चालू राहणारे एक सॉकेट मिळावे आणि तिकीट काढतानाच तशी नोंद करता यावी.

– एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली