मेगापिक्सेल नंतर, आधी रेकॉर्डिंग किती दिवसांचे ते विचारा

संपादक महोदय,

मुंबईतल्या सोसायट्यांत सध्या जुने ॲनालॉग कॅमेरे काढून आयपी कॅमेरे (संगणकासारखे नेटवर्कवरून चित्र पाठवणारे) बसवण्याची कामे जोरात आहेत. कमिटीपुढे तीन कोटेशने येतात, तिन्हींवर ‘५ मेगापिक्सेल’ ठळक असते आणि सर्वांत स्वस्त ते मंजूर होते. यंत्रणा पुढे नीट चालणार की नाही हे मात्र कोटेशनात न लिहिलेल्या गोष्टींवर ठरते.

ॲनालॉगमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याची तार थेट डीव्हीआरला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या पेटीला, जायची. जोडात पाणी शिरले तर चित्रावर मुंग्या यायच्या, आडवे पट्टे सरकायचे. तरी माणूस दिसायचा आणि बिघाड वॉचमनलाही कळायचा. आयपीमध्ये चित्र एकतर स्वच्छ येते, नाहीतर गोठते. अनेक कॅमेऱ्यांच्या केबल एकत्र जोडणारी पेटी, म्हणजे नेटवर्क स्विच, बंद पडला की त्यावरचे सगळे कॅमेरे एकदम जातात. ॲनालॉग तारेचे बीएनसी जोड लावण्यात हात बसलेल्या वायरमनला आता आयपी पत्ते आणि नेटवर्क सांभाळावे लागते. ते त्याला शिकवण्याची जबाबदारी माल विकणाऱ्या कंपन्यांनी आणि वितरकांनी घ्यायला हवी. ती न घेता त्याला दोष देणे अन्यायाचे आहे.

सर्वाधिक फसवणूक केबलमध्ये होते. कॅट-६ (आयपी कॅमेऱ्यांची नेटवर्क केबल) म्हणून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल सर्रास खपवली जाते. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या जवळपास दीडपट असतो. कॅमेऱ्याला वीजही त्याच केबलमधून मिळते. रात्री कॅमेऱ्याचे अंधारात पाहण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे लागले की विजेची मागणी वाढते, लांबच्या टोकाला व्होल्टेज पडते आणि कॅमेरा पुन्हापुन्हा रीस्टार्ट होतो. दिवसा तपासणीला आलेल्या माणसाला सगळे ठीक दिसते. केबल सोलून तार चाकूने खरवडली आणि आत पांढरी निघाली, तर ती परत करावी. शिवाय अस्सल कॅट-६ केबलही १०० मीटरपर्यंतच चालते. वीस मजली टॉवरच्या गच्चीवरून गेटपर्यंत ती पुरत नाही, तिथे ऑप्टिकल फायबर केबल लागते. समुद्राच्या खाऱ्या हवेत नेटवर्क केबलच्या टोकावरच्या आरजे-४५ जोडाच्या पिना गंजतात, म्हणून बाहेरचा प्रत्येक जोड बंद जंक्शन बॉक्समध्येच हवा आणि केबल खालच्या बाजूने आत घ्यावी.

ॲनालॉग कॅमेऱ्यांची जुनी कोएक्स केबल तांब्याची आणि धड असेल, तर ती उपटण्याची घाई कशाला? तिच्यावर एचडी ॲनालॉग कॅमेरे दोन-अडीचशे मीटर सहज चालतात. कॅमेरे आणि डीव्हीआर बदलले की काम होते. अनेक मध्यम सोसायट्यांना आमच्या मते हाच योग्य मार्ग आहे, पण तो कोटेशनात क्वचितच सुचवला जातो.

आता हार्ड डिस्क. १०८०पी (सुमारे २ मेगापिक्सेल) कॅमेरा एच.२६५ या व्हिडिओ आकुंचित करण्याच्या पद्धतीत साधारण २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) वेगाने सतत रेकॉर्ड करत असेल, तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी लागतात. १६ कॅमेऱ्यांचे होतात ३४५ जीबी. म्हणजे ४ टीबीची डिस्क अकरा दिवसांत भरते आणि जुने पुसले जाऊ लागते. ३० दिवस हवे असतील तर १० टीबीहून अधिक जागा हवी. ५ मेगापिक्सेलला ही मागणी आणखी वाढते. महिनाभर बाहेरगावी असलेल्या सभासदाच्या घरी चोरी झाली, तर परत येईपर्यंत पुरावा गेलेला असतो.

रेकॉर्डिंग मिळाले तरी कोर्टात ते टिकले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा तिचा खास आकडा) लिहावे लागते. एनव्हीआरचे (आयपी कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरचे) घड्याळ सात मिनिटे पुढे असेल, तर बचाव पक्षाला आयता मुद्दा मिळतो. त्यामुळे वेळ एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून, आपोआप जुळती ठेवावी.

पासवर्डचा धोका तर जगाने पाहिला आहे. २०१६ मध्ये ‘मिराय’ या घातक सॉफ्टवेअरने मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन मोठे सायबर हल्ले केले. बसवतानाच पासवर्ड बदलावा, तो सेक्रेटरीकडे लेखी असावा आणि राउटरवर पोर्ट (इंटरनेटवरून आत येण्याचे मार्ग) उघडे सोडू नयेत. आपल्याकडे ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्राच्या सुरक्षा निकषांची चाचणी बंधनकारक आहे, तिच्यात फर्मवेअरही (कॅमेऱ्यातले अंगभूत सॉफ्टवेअर) तपासले जाते. त्या चाचणीचे प्रमाणपत्र मॉडेलनिहाय मागावे. जुना साठा सवलतीत मिळतो म्हणून घेऊ नये.

देखभालीच्या करारात लेन्स पुसण्यापलीकडे एक अट जरूर घालावी. दर महिन्याला प्रत्येक कॅमेऱ्याचे, करारात ठरलेल्या सर्वांत जुन्या तारखेचे रात्रीचे दहा मिनिटांचे रेकॉर्डिंग काढून कमिटीला दाखवायचे आणि रजिस्टरवर सही घ्यायची. ज्या कॅमेऱ्याचे निघणार नाही, त्याचे त्या महिन्याचे पैसे थांबवायचे.

– सीसीटीव्ही बसवणी व देखभाल करणारे तंत्रज्ञ, लॅमिंग्टन रोड, मुंबई