‘आज्ञाभंग’ या शब्दाआड

महोदय,

सुरक्षेच्या प्रश्नावरून नोकरी गमावलेल्या कामगाराच्या पाठीशी संघटनेने उभे राहावे की नाही, या चर्चेत त्याला काढताना कागदावर काय लिहिले होते, हे फारसे पाहिले जात नाही. ‘यंत्र धोकादायक असल्याची तक्रार केली म्हणून बडतर्फ’ असे कोणतेही व्यवस्थापन लिहून देत नाही. आरोपपत्रात शब्द असतात ते आज्ञाभंग, उद्धट वर्तन आणि उत्पादनात खोळंबा.

पॉवर प्रेसची, म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या यंत्राची, संरक्षक जाळी उघडी असताना यंत्र चालू नये, म्हणून तिला एक छोटा स्विच जोडलेला असतो. अडकलेला पत्रा काढताना दर वेळी यंत्र थांबते, शिफ्टचा आकडा घसरतो, आणि मग कोणीतरी तो स्विच तारेने बांधून टाकतो. पुढच्या शिफ्टचा कामगार ‘आधी तार काढा’ म्हणून अडून बसला, तर त्याचा नकार लगेच लेखी नोंदवला जातो; तार मात्र कोणत्याच कागदावर येत नाही आणि चौकशीच्या दिवसापर्यंत जागेवरही राहत नाही. ती त्याच दिवशी साक्षीदारांसमक्ष नोंदवून घेणे एकट्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. संघटना हवी ती नेमकी येथे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1981 सालच्या 155 क्रमांकाच्या करारानुसार, जीविताला वा आरोग्याला तातडीचा व गंभीर धोका आहे असे मानण्यास वाजवी कारण असल्याने काम सोडून बाजूला झालेल्या कामगाराला त्याचे अनुचित परिणाम भोगावे लागू नयेत. कसोटी वाजवी कारणाची आहे; त्यामुळे ‘अपघात तर झाला नाही ना?’ हा व्यवस्थापनाचा आवडता प्रश्न गैरलागू ठरतो. 2022 मध्ये हा करार मूलभूत करारांत गणला गेला. मात्र संरक्षण कसे द्यायचे, हे त्यात प्रत्येक देशाच्या परिस्थितीवर आणि प्रथेवर सोडलेले आहे.

ज्याने स्वतःच तार बांधली, त्याची गोष्ट निराळी. त्याला सरसकट पाठीशी घालणे म्हणजे शेजारच्या यंत्रावरील सभासदाची बोटे पणाला लावणे होय. तरीही ती तार किती दिवस सुपरवायझरच्या डोळ्यांसमोर होती, हे संघटनेने विचारलेच पाहिजे, कारण शिक्षा बहुधा शेवटच्या हातालाच होते. सुरक्षेची सबब सांगून काम टाळणारेही असतात. त्यांची शहानिशा संघटनेने आधी स्वतः करावी.

अडचणीची बाब अशी की, यंत्र थांबले की इतर सभासदांचाही उत्पादन बोनस बुडतो, आणि त्या बोनसच्या करारावर सही संघटनेचीच असते. त्यामुळे तक्रार करणारा कधी कधी आपल्याच माणसांना नकोसा होतो. म्हणून त्याच करारात आणखी एक कलम असावे: धोक्याची तक्रार आलेल्या यंत्राची दोन्ही बाजूंनी संयुक्त पाहणी होईपर्यंत तक्रारदारावर कारवाई नाही आणि त्या काळात कोणाच्याही बोनसात कपात नाही.

आपला,
एक वाचक