चौथा स्लॉट

सदाशिव पेठ, पुणे 30
गुरुवार, रात्री साडेअकरा

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा "रविवारी निवांत करतो" असे मी म्हणालो, आणि त्यानंतर किती रविवार गेले हे मोजण्याची माझी हिंमत होत नाही. तू रागावला असशील तर तो राग रास्त आहे. पण आज लिहायला बसलो आहे ते केवळ त्या अपराधापोटी नव्हे. मंगळवारी रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी आपल्या जुन्या ऑनलाइन खेळात, रॅग्नरॉकमध्ये, बायलानच्या गुहेत हायड्राचे कार्ड पडले. मी माधवीला उठवून सांगितले. ती "बरं झालं" म्हणाली आणि कूस बदलून झोपली. तिची काहीच चूक नाही. या वाक्याचा अर्थ कळणारी माझ्या ओळखीची दोनच माणसे आहेत, आणि त्यांतल्या एकाशी आपण वीस वर्षे बोललेलो नाही.

घरी सगळे ठीक. माझी साखर ताब्यात आहे, बाबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन व्यवस्थित झाले.

मी रॅग्नरॉक पुन्हा खेळू लागलो आहे हे तुला सांगितलेच नव्हते. वर्ष होत आले. रोज रात्री जेवणे आटोपल्यावर तास-दीड तास, शनिवारी थोडे जास्त. आता बऱ्याच सर्व्हरवर कार्डे खिरापतीसारखी वाटली जातात. अर्ध्या तासात अल्बम भरतो आणि हाती आलेल्या कार्डाकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. मला तसले काही नको होते. म्हणून शोधून शोधून जुन्या दराचा सर्व्हर निवडला, जिथे साधा राक्षस मारल्यावर त्याचे कार्ड पडण्याची शक्यता आजही 0.01 टक्काच आहे. दहा हजारांत एक. पत्र्या मारुतीजवळच्या त्या सायबर कॅफेच्या भिंतीवर तू खडूने हा आकडा लिहिला होतास आणि काकांनी तो पुसायला लावला होता, ते आठवते ना?

त्या आकड्यावरून आपण किती भांडलो! नऊ हजार मारून झाले की "आता तर पडायलाच हवं" असे तू म्हणायचास आणि मी चिडायचो, कारण आधीचे नऊ हजार पुढच्या हायड्राला माहीत नसतात. त्याच्यापुरती शक्यता पुन्हा दहा हजारांत एक एवढीच असते. आता मी तो हिशेब नीट कागदावर मांडला आहे. निम्म्या लोकांना कार्ड 6931 हायड्रांच्या आत मिळते, पण पूर्ण दहा हजार मारल्यावरही 100 पैकी 37 जणांचे हात रिकामेच राहतात. मी वहीत पाच-पाचच्या रेघा मारत होतो. माझे कार्ड 14,212 व्या हायड्राला पडले. इतके मारूनही ज्यांना काही मिळत नाही असे चौघांत एक जण असतो. तेव्हा मी फार दुर्दैवी होतो असे नाही, थोडा उशिरा आलो एवढेच. माझे म्हणणे बरोबर होते हे तू आता तरी मान्य कर. त्या बदल्यात मीही मान्य करतो की मंगळवारी चौदा हजार ओलांडल्यापासून प्रत्येक हायड्राला मी मनातल्या मनात "आता तर पडायलाच हवं" असेच म्हणत होतो.

आणि ते पडले तेव्हा काय झाले हे मला नीट सांगता येणार नाही. गुहेच्या निळ्या जमिनीवर ते छोटेसे कार्ड दिसले आणि मी माउसला हात लावला नाही. तू शेजारच्या खुर्चीत नव्हतास. नंदू मागे उभा राहून माझ्या खांद्यावर वडापावचा चुरा सांडत नव्हता. इझलूडच्या नावाड्याला खेळातल्या पैशांचे दीडशे झेनी देऊन आपण तिघे पहिल्यांदा बायलानच्या बेटावर उतरलो, तू औषधांच्या बाटल्या विसरलास आणि परत जाऊन आलास, मग धाकट्या चाकूऐवजी भलताच चाकू आणलास आणि पुन्हा गेलास. तीन फेऱ्यांचे साडेचारशे झेनी नंदूने तुझ्या नावावर मांडले होते. ते अजून बाकी आहेत.

आता मुद्द्यावर येतो, कारण इतके लिहून झाले तरी मी त्याच्या कडेकडेनेच फिरतो आहे.

चार स्लॉटचा, म्हणजे चार कार्डे बसतील असा, मेन गोश चाकू मी पुन्हा केला आहे. पहिली तीन हायड्रा कार्डे प्रॉन्टेराच्या बाजारात दुकान मांडून बसलेल्या व्यापाऱ्यांकडून घेतली, त्यासाठी आठ महिने झेनी साठवले. चाकू अगदी आपल्या जुन्या चाकूसारखा आहे: ठोकून ताकद अधिक सातपर्यंत वाढवलेला, तीन हायड्रा आत, नावापुढे 'ट्रिपल ब्लडी' आणि चौथा स्लॉट रिकामा. त्या चौथ्या स्लॉटवरून आपण किती दिवस वाद घातला! तुझे म्हणणे, चौथीही हायड्राच घालायची. माणसांविरुद्ध प्रत्येकी 20 टक्के जास्त मार, म्हणजे चारांचे 80, आणि शिवाय नाव 'क्वाड्रुपल ब्लडी' होईल. माझे म्हणणे, हायड्रांची टक्केवारी आपसांत नुसती बेरजेने वाढते, पण स्केलेटन वर्करच्या कार्डाचे मध्यम आकाराच्या शत्रूंवरचे, म्हणजे माणसांवरचेही, 15 टक्के त्या बेरजेला गुणले जातात. म्हणून तीन हायड्रा आणि एक वर्कर म्हणजे 1.6 गुणिले 1.15, म्हणजे 1.84, आणि तुझ्या चार हायड्रांचे 1.8. गणित माझ्या बाजूने होते. तरीही मंगळवारी जे कार्ड पडले ते तुझ्या पसंतीचे निघाले. एकदा घातलेले कार्ड साध्या मार्गाने बाहेर निघत नाही हे तुला सांगायला नको. म्हणून दोन रात्री मी ते नुसते बघत बसलो आहे.

पण मकरंद, मला झोप लागत नाही ती या गणितामुळे नव्हे.

आपला जुना चाकू नंदूने विकला नव्हता. तो मी मोडला.

हे वाक्य लिहायला मला वीस वर्षे लागली. 2006 च्या हिवाळ्यातला तो आठवडा तुला आठवत असेल. शनिवारी किल्ल्याची लढाई होती, तू सगळ्यांना सांगत सुटला होतास की या वेळी किल्ल्यातले एम्पेरियम स्फटिक आपलेच गिल्ड, म्हणजे आपला संघ, फोडणार. बुधवारी रात्री मी एकटाच कॅफेत थांबलो, कारण गुरुवारी नेहमीप्रमाणे वीज जाणार होती आणि शुक्रवारपर्यंत मशीन मिळणार नव्हते. कोठीच्या खात्याचा पासवर्ड आपल्या तिघांकडे होता. मी काफ्राकडून, म्हणजे खेळातल्या कोठीवालीकडून, चाकू काढला आणि तिथल्या हॉल्ग्रेहेन लोहाराकडे ठोकायला नेला. पहिल्या दर्जाचे शस्त्र अधिक सातपर्यंत कधी मोडत नाही; आठव्याला दहांतून सहा वेळा जमते. मला वाटले, शनिवारी सकाळी तुमच्यापुढे अधिक आठचा चाकू ठेवावा आणि तुम्ही दोघांनी आ वासून बघावे. ठोकण्यासाठी लागणारा दोनशे झेनीचा फ्रॅकॉन धातू घेतला, हो म्हटले आणि चाकू गेला. शस्त्र मोडले की आतली कार्डेही जातात. तीन हायड्रा, आपले सगळ्यांचे चार महिने, एका क्लिकमध्ये.

नंदूनेच आपल्याला शिकवले होते की आधी ठोकायचे आणि मग कार्ड घालायचे, आणि कार्ड घातल्यावर सातच्या पुढे कधीही जायचे नाही. आपल्यातला लोहार तो होता. त्याला विचारले असते तर त्याने माझा हात धरला असता. म्हणूनच मी त्याला विचारले नाही.

शुक्रवारी कोठी उघडली, चाकू नव्हता, आणि नेमके त्याच दिवशी नंदूच्या व्यापाऱ्याकडे भरपूर झेनी होते. तो सांगत होता की महिनाभर साठवलेले ऑरिडेकॉन आणि एल्युनियम हे धातू विकले म्हणून. तू म्हणालास, "एवढं ऑरिडेकॉन तुझ्याकडे कुठून आलं?" मग तू तो शब्द वापरलास. नंदूने माझ्याकडे बघितले. तो माझ्याकडेच का बघतो आहे हे त्या क्षणी मला कळले नाही. आता वाटते की मी तरी त्याच्या बाजूने बोलेन अशी त्याची खात्री होती. मी मान खाली घातली. तू तिचा अर्थ होकार असा घेतलास आणि त्यानेही तोच घेतला. त्याने हेडफोन काढून ठेवला, काकांना तासाचे वीस रुपये दिले आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सांगीन, असे मी ठरवले होते. मग लढाई हरलो, आणि तू इतका खिन्न होतास की म्हटले सोमवारी सांगू. सोमवारी नंदू आला नाही. पुढे तो कधीच आला नाही. तुझ्या लग्नात तो नव्हता, माझ्या लग्नात मी त्याला बोलावण्याचे धाडस केले नाही. दोन वर्षांपूर्वी लक्ष्मी रोडवर तो मला समोरून येताना दिसला, हातात मुलीच्या शाळेचे बूट होते. मी एका दुकानात शिरलो. बायकांच्या साड्यांचे दुकान होते. काय हवे म्हणून विचारले तेव्हा उत्तर सुचेना.

तुला राग येईल तो माझ्यावर यावा, स्वतःवर येऊ देऊ नकोस. तो शब्द तू उच्चारलास खरा, पण तू तो माझ्या मौनाच्या भरवशावर उच्चारलास. गेल्या वर्षी तू म्हणाला होतास की नंदूच्या बाबतीत आपण जरा घाईच केली का, असे अधूनमधून मनात येते. तेव्हा मी विषय बदलून तुझ्या बघण्याच्या कार्यक्रमाची गोष्ट काढली, किल्ल्याच्या लढाईमुळे तू चाळीस मिनिटे उशिरा पोहोचलास आणि वहिनींच्या वडिलांना स्वारगेटच्या गर्दीचे कारण सांगितलेस, ती. तू खूप हसलास. त्या रात्री फोन ठेवल्यावर मी खेळ पुन्हा उतरवून घेतला. चाकू परत उभा केला की बोलता येईल, अशी माझी समजूत होती. तीन कार्डे विकत घेतली, पण चौथे स्वतः मिळवायचे असे ठरवले होते, कारण विकतच्या कार्डाने ही फेड होणार नव्हती. चौदा हजार हायड्रा मारताना मी रोज रात्री नंदूला काय सांगायचे त्याची वाक्ये जुळवत होतो. एकही धड जुळले नाही.

आता मला दोन गोष्टी तुझ्याकडून हव्या आहेत. पहिली, नंदूचा नंबर. तुझ्या धाकट्या भावाच्या ऑफिसात तो होता असे तू एकदा म्हणाला होतास, तेव्हा मिळणे अवघड नसावे. मी त्याला फोनवर सांगणार नाही, त्याच्या घरी जाईन. पण आधी येऊ का एवढे विचारण्यापुरता नंबर हवा. दुसरी, त्याच्यापुढे तुझे नाव घ्यावे की नाही हे तू ठरव. मी फक्त माझे सांगू शकतो, किंवा तुझी इच्छा असेल तर आपण दोघे जाऊ. तू नाशिकहून येणार असलास तर शनिवार-रविवार माझे मोकळे आहेत.

कार्डाबद्दल माझे मत असे झाले आहे की चौथ्या स्लॉटचा निर्णय नंदूने करावा. त्याने हायड्रा म्हटले तर हायड्रा, वर्कर म्हटले तर मी माझे 1.84 घेऊन त्याचे कार्ड मिळवायला खुशीने मृतांच्या खाणीत उतरेन, आणि स्लॉट तसाच ठेव म्हणाला तर तसाच ठेवीन. त्याला आता या कशात रस नसेल हेही शक्य आहे. मग ते कार्ड तुझे. तुला हे मान्य नसेल तर स्पष्ट लिही.

नव्या घराचे फोटो पाहिले, स्वयंपाकघर फारच छान झाले आहे. ईशाच्या दहावीसाठी शुभेच्छा सांग, आणि काकूंचा गुडघा आता कसा आहे ते कळव. वहिनींना नमस्कार.

चाकू आणि कार्ड दोन्ही काफ्राच्या कोठीत आहेत. या खात्याचा पासवर्ड अजून कोणालाही दिलेला नाही. हे पत्र वाचूनही तुला तो हवा असेल तर कळव.

तुझा,
श्रीकांत