कोरा हे 'लोकवाद्य' नव्हे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कोरावादक बालाके सिसोको आणि चेलोवादक व्हॅन्साँ सेगाल यांच्या 'चेंबर म्युझिक' (2009) या अल्बमविषयी चार ओळी वाचल्या. मराठी वर्तमानपत्रात 'कोरा' या पश्चिम आफ्रिकेतल्या तंतुवाद्याचे नाव छापून आलेले पाहून फार आनंद झाला. मात्र 'आफ्रिकी लोकवाद्य आणि युरोपीय शास्त्रीय वाद्याचे फ्यूजन' हे शब्द मनाला लागले, म्हणून हे पत्र.

मी मिरजेत तंबोऱ्यांची जवारी काढतो, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात ती घोडी घासून स्वर खुलवतो. दिवसभर भोपळा, घोडी आणि तारा हाताखाली असतात, त्यामुळे कोरा प्रथम पाहिला तेव्हा नजर आधी भोपळ्यावरच गेली. मधून कापलेला भलाथोरला भोपळा, त्यावर ताणून बसवलेले गाईचे कातडे, आरपार गेलेला लाकडी दांडा आणि मधोमध उभी घोडी. घोडीच्या एका कडेला 11 तारा, दुसऱ्या कडेला 10. पूर्वी त्या चामड्याच्या असत, आता नायलॉनच्या. जुन्या बांधणीत खुंट्या नसतातच. दांड्यावर आवळलेली चामड्याची वेढी वर-खाली सरकवून एकेक तार सुरात आणायची. वादक बाकीच्या बोटांनी वाद्याच्या दोन मुठी धरून ठेवतो आणि दोन अंगठे व दोन तर्जन्या एवढ्यांवरच सगळे वाजवतो. डोळे मिटून ऐकले तर तिघे जण बसलेत असे वाटते.

हे वाद्य पश्चिम आफ्रिकेतल्या मान्दे समाजातील जेली, म्हणजे वंशपरंपरागत गायक-वादकांच्या घराण्यांचे. विद्या बापाकडून मुलाकडे जाते. कुंबेंगो ही आवर्तनासारखी फिरत राहणारी बांधलेली चाल. तिच्या आधाराने वादक जी धावती तान घेतो, ती बिरिमिंतिंगो. 1970 साली मालीतल्या केवळ कोरावादनाची एक ध्वनिमुद्रिका निघाली, तिचे नाव 'प्राचीन तारा' अशा अर्थाचे. त्यात बालाके यांचे वडील वाजवत होते आणि कोरावादक तुमानी दियाबाते यांचेही. 1999 साली बालाके आणि तुमानी या मुलांनी मिळून 'नव्या प्राचीन तारा' काढली. तालीम आहे, बंदिश आहे, पिढ्या आहेत; मग चेलो (व्हायोलिनच्या कुळातले, गजाने वाजवायचे मोठे वाद्य) तेवढा शास्त्रीय आणि कोरा लोकवाद्य, ही वाटणी कशाच्या आधारावर?

'फ्यूजन' या शब्दाचेही तेच. इथे एकाच्या सुरावटीवर दुसऱ्याचा ठेका चिकटवलेला नाही. फ्रान्सचे सेगाल आपला चेलो घेऊन मालीच्या राजधानीत, बामाकोला गेले आणि तिथले गायक सालिफ केइता यांच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले. कित्येकदा सेगाल गज बाजूला ठेवून बोटांनी तार छेडतात, खर्जात चाल धरून राहतात आणि कोरा मोकळा सुटतो. मग चेलो गजावर लांब स्वर घेऊ लागला की कोरा मागे सरतो. साथ कधी करायची आणि कधी थांबायचे हे ज्यांना कळते त्यांचीच ही बैठक. थोड्या ठिकाणी बालाफोन (लाकडी पट्ट्यांचे वाद्य) आणि न्गोनी (छोटे तंतुवाद्य) येतात. आवाज कुठेही चढत नाही.

आणखी एक सांगावेसे वाटते. फेब्रुवारी 2020 मध्ये बालाके न्यूयॉर्कहून विमानाने पॅरिसला पोहोचले, पेटी उघडली, तर कोरा सुटा केलेला. दांडा वेगळा, तारा वेगळ्या, घोडी वेगळी. कोणी केले, त्यात मी शिरत नाही. पण तारांच्या ताणावरच ती घोडी उभी असते, आणि ताण गेला की जुळलेला आवाजही जातो. ती बातमी वाचली त्या दिवशी माझा हात कामाला लागला नाही.

कृपया पुढील पुरवणीत हे दोन्ही शब्द दुरुस्त करावेत. शिवाय जमल्यास याच दोघांच्या 2015 च्या अल्बमवर सविस्तर लिहावे. त्यातला काही भाग बालाके यांच्या घराच्या गच्चीवर रात्री मुद्रित झाला आहे आणि तारांच्या मागे बामाकोची रात्र ऐकू येते.

आपला,
एक वाचक, मिरज