बोटाला क्लिप लावून साखर कळत नाही

मा. संपादक,
स. न.

कालच्या आरोग्य पुरवणीतला, बोटाला क्लिप लावून सुई न टोचता रक्तातली साखर मोजण्यावरचा लेख वाचला. या विषयावर प्रामाणिक संशोधन अनेक वर्षं चालू आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ‘आता ग्लुकोमीटरची गरज नाही’ हे वाक्य आपण छापलंच कसं? बीड-परभणीकडचा इन्सुलिन घेणारा माणूस त्यावर विसंबून युनिट ठरवेल.

अशी क्लिप बोटातून इन्फ्रारेड प्रकाश सोडते आणि साखरेने तो किती गिळला यावरून आकडा काढू बघते. पण साखर १०० म्हणजे लिटरभर रक्तात जेमतेम १ ग्रॅम. बोटात भरलंय पाणी, आणि १४५० व १९४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास तेच हा प्रकाश गिळतं. साखरेची खूण १६०० च्या आसपास आणि २१०० ते २३०० मध्ये, तीही पुसट. स्वस्त क्लिपमध्ये बहुधा ऑक्सिमीटरचाच ९४० चा एलईडी असतो. तिथे साखरेचा माग लागणं फार कठीण. बोट गार पडलं, क्लिप घट्ट बसली, की आकडा हलला. कोयत्याने घट्टे पडलेल्या बोटात प्रकाश आणखीच विखुरतो.

मग अशा यंत्राच्या प्रात्यक्षिकात आकडा ग्लुकोमीटरशी जुळतो कसा? यंत्र आधी त्याच माणसाच्या रक्ताच्या आकड्यांशी जुळवून घेतात. ज्याची साखर रोज १३० ते १६० असते, त्याला १४५ दाखवलं की बरोबरच वाटणार. ती ५५ वर घसरली आणि क्लिपने १२० दाखवलं, तर माणूस बेशुद्ध पडेपर्यंत घरच्यांना पत्ता लागणार नाही. ग्लुकोज पाजून दोन तास घेतलेली चाचणीही फसवते, कारण तेवढ्या वेळात बोटही क्लिपखाली तापतं. दुसऱ्या दिवशी त्यालाच उपाशीपोटी नुसतं पाणी पाजा आणि क्लिप तेवढाच वेळ ठेवा. आकडा तसाच चढला, तर ते यंत्र साखर मोजत नाही.

त्वचा न टोचता साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. लेखात त्याचा उल्लेखही नाही.

इन्सुलिनवरच्या माणसाला दरदरून घाम आला, हात थरथरले, तर क्लिप शोधू नये. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी ग्लुकोमीटरवर पुन्हा बघावं.

आणखी एक. ग्लुकोमीटरमध्ये रक्ताचा थेंब घेणाऱ्या बहुतेक स्ट्रिप ३० अंशांखाली ठेवायच्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. डबीचं झाकण उघडं राहिलं की स्ट्रिप दमट होऊन बिघडते. गुळाचा हात न धुता बोट टोचलं तर साखर उगाच जास्त येते. आपली पुरवणी यावर कधी चार ओळी छापत नाही.

दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावी.

आपला,
वैद्यकीय उपकरणं दुरुस्त करणारा एक वाचक, परभणी